कॅनडाला पीआरवर जाताना घरसामान, दागिने आणि 'मागून येणारं' सामान कसं जाहीर करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: नवरा-बायको आणि सहा वर्षांची मुलगी पुण्याहून टोरोंटोला पीआरवर, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवान्यावर निघाले आहेत. विमानातून सहा बॅगा आणि मागून जहाजाने सुमारे सात घनमीटर सामान. त्यात लग्नातले आणि सासूबाईंनी दिलेले दागिने, पणजीची पितळी समई, शिसवी देव्हारा, पुस्तकं, भांडी आणि खास तिकडे न्यायचं म्हणून घेतलेलं नवं वॉशिंग मशीन. बहुतेक वस्तूंच्या पावत्या नाहीत. काय जाहीर करायचं, कुठे करायचं आणि पावत्या मागितल्या तर काय सांगायचं?

ताई, पावत्यांची काळजी आधी बाजूला ठेवा. मी बरीच वर्षं मिसिसागात राहतो आणि कस्टम्स ब्रोकरच्या कार्यालयात स्थलांतरितांचं घरसामान सोडवून देण्याचं काम करतो. वीस वर्षांपूर्वीच्या कुकरची पावती मागणारा अधिकारी मला अजून भेटलेला नाही. ज्यांची गाडी अडली ते जवळजवळ सगळे यादीपाशी अडले. कुणी यादी दिलीच नव्हती, कुणी ती विमानात गुडघ्यावर कागद ठेवून लिहिली होती, तर कुणी पॅकर्सवाल्याने दिलेला कागदच यादी म्हणून पुढे केला होता.

नियम समजायला सोपा आहे. कायमचं राहायला येणाऱ्या माणसाचं घरसामान कॅनडा शुल्क आणि कर न लावता आत येऊ देतो. त्यासाठी जकातीच्या तक्त्यात ९८०७ क्रमांकाची वेगळी नोंद आहे. अट तीन शब्दांची आहे: वस्तू तुमच्या मालकीची हवी, तुमच्या ताब्यात असलेली हवी आणि तुम्ही वापरलेली हवी. हे तिन्ही कॅनडात पाऊल ठेवण्याच्या आधी झालेलं असलं पाहिजे. मालकी आहे पण वस्तू खोक्यातून बाहेरच काढली नाही, तर ती बसत नाही. वापरली आहे पण भाड्याची किंवा दुसऱ्याची आहे, तर तीही बसत नाही. म्हणून कंपनीने दिलेला लॅपटॉप 'माझा' म्हणून लिहू नका. तो कंपनीचा आहे असं तोंडाने सांगा, त्यात काही बिघडत नाही.

फॉर्मचं नाव बीएसएफ १८६, आणि यादी लांबली की जोडायचं पान बीएसएफ १८६ए. जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'बी ४' हेच नाव आहे, तुमचा एजंटही तेच म्हणेल, फॉर्म तोच. यादी दोन भागांत करायची असते. एक, आज माझ्याबरोबर आलेलं सामान. दुसरं, मागून येणारं सामान, म्हणजे 'गुड्स टू फॉलो'. या दुसऱ्या भागाबद्दल मी जरा पोटतिडकीने लिहितो, कारण मी स्वतः त्यात ठेचकाळलो आहे. मी आलो तेव्हा दोन बॅगा होत्या आणि मागून काय येईल याचा पत्ता नव्हता, म्हणून काउंटरवर 'मागून काही नाही' असं सांगून मोकळा झालो. दीड वर्षाने ठाण्याहून माझी पेटी आणि पुस्तकांची सहा खोकी आली. पेटी मी कॉलेजात असल्यापासून वाजवत होतो, तिच्या भात्याला दोनदा ठिगळ लागलेलं होतं. पण यादीत नाव नाही म्हटल्यावर माझ्याच जुन्या पेटीवर मी कर भरला. अधिकारी बाई भल्या होत्या, त्यांना माझं म्हणणं पटलंही होतं, पण त्यांच्यापुढच्या कागदावर पेटी नव्हती.

म्हणून सांगतो, न्यायचं नक्की नसलं तरी लिहा. सासरी माळ्यावर ठेवलेली पुस्तकं, बहिणीकडे ठेवलेली शिलाई मशीन, आईकडची तांब्याची घंगाळं. जी वस्तू आज तुमची आहे आणि पुढे कधी तरी आणाविशी वाटेल, ती दुसऱ्या भागात टाका. लिहिलेली वस्तू आणली नाही म्हणून कुणी विचारायला येत नाही.

यादी कशी लिहायची? पॅकर्स यायच्या आठवडाभर आधी, घरात उभं राहून, खोलीमागून खोली. यादी इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये हवी. प्रत्येक ओळीत वस्तू, संख्या आणि अंदाजे किंमत कॅनेडियन डॉलरमध्ये. किंमत म्हणजे नवी घेतानाची नव्हे, आज आहे त्या अवस्थेत विकली तर जे येतील ते. विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंना मेक, मॉडेल आणि सिरियल नंबर लिहा. मागच्या बाजूच्या स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला की काम होतं. स्वयंपाकघराला मात्र डोकं चालवावं लागतं. पोळपाट-लाटणं हे 'वुडन रोलिंग बोर्ड अँड पिन', सांडशी हे 'स्टील टाँग्ज', मोदकपात्र हे 'स्टीमर'. प्रत्येक वाटी मोजत बसू नका, 'स्टेनलेस स्टील युटेन्सिल्स, सुमारे ६० नग' पुरे. पण विळी तेवढी स्वतंत्र लिहा. 'किचन कटर, ब्लेड फिक्स्ड ऑन बोर्ड' असं लिहून, पातं मिटवून, पुठ्ठ्यात बांधून ठेवा. खोकं उघडणाऱ्या माणसाने विळी जन्मात पाहिलेली नसते आणि हात त्याचाच कापतो.

प्रत्येक खोक्याला नंबर द्या आणि तो नंबर यादीत लिहा. पॅकर्सवाल्यांची स्वतःची पॅकिंग लिस्ट असते ती वेगळी, आणि ती तुमच्या यादीशी जुळली पाहिजे. हा मुद्दा नीट समजावा म्हणून एक प्रसंग सांगतो. नाशिकच्या एका जोडप्याचं सामान ब्रॅम्प्टनच्या बंधपत्रित गोदामात आलं, म्हणजे कस्टम्सने सोडेपर्यंत माल जिथे ठेवतात तिथे. बेचाळीस खोकी. पॅकर्सच्या यादीत त्यातल्या एकोणीस खोक्यांपुढे एकच मजकूर: 'मिसलेनियस हाउसहोल्ड'. अधिकाऱ्याने यादीवर बोट फिरवलं, एकोणिसाव्यांदा तोच शब्द आल्यावर पेन खाली ठेवलं आणि तपासणी लावली. तपासणी लागली की खोकी उतरवणं, उघडणं, परत भरणं या सगळ्या मजुरीचं बिल सामानाच्या मालकाला येतं, दोष निघो वा न निघो. सतरा नंबरच्या खोक्यात मुलाचे क्रिकेटचे बूट निघाले, खिळ्यांमध्ये मैदानाची लाल माती जशीच्या तशी. माती कॅनडात चालत नाही. बूट गेले, त्यांचं दुःख नाही. पण त्या मातीमुळे उरलेली सगळी खोकीही उघडली गेली.

त्यामुळे बूट, सायकलची चाकं, तंबू, बागकामाची खुरपी घासून धुऊन वाळवून भरा. तुळशीचं रोप, कुंडी, बिया यांचा मोह टाळा. रोपांना परवाने लागतात, आणि तुळस इथे उन्हाळ्यात विकत मिळते. जहाजाच्या सामानात खाण्याचा एकही जिन्नस ठेवायचा नाही, हा माझा घरचा नियम आहे. मसाला, पापड, लोणचं जे काही न्यायचं ते बॅगेतून न्या आणि विमानतळावर 'अन्नपदार्थ आहेत' म्हणून सांगा. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात. न सांगितलेली सापडली तर दंडाची गोष्ट सुरू होते, आणि अशी नोंद पुढच्या प्रवासांत त्रास देते.

आता लाकूड. लाकडी पेट्या, क्रेट, पॅलेट यांवर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडातून कीड पसरू नये म्हणून केलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा शिक्का हवा, गव्हाच्या कणसासारखी खूण आणि शेजारी एचटी किंवा एमबी ही अक्षरं. एचटी म्हणजे उष्णता देऊन प्रक्रिया केलेलं, एमबी म्हणजे धुरी दिलेलं लाकूड. देव्हाऱ्यासाठी पॅकर्स क्रेट बनवणार असतील तर त्या फळ्यांवर शिक्का आहे ना, हे ठोकायच्या आधी स्वतः पाहा. गल्लीतल्या वखारीतून आणलेल्या फळ्या ठोकून पाठवलेलं क्रेट इथे अडकतं. देव्हाऱ्याचं स्वतःचं लाकूड हा दुसरा विषय. शिसव डालबर्जिया कुळातलं, आणि २०१७ पासून हे जवळजवळ अख्खं कुळ साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीवर नजर असते. तयार वस्तूंना वजनाच्या मर्यादेत आणि वैयक्तिक घरसामानाला काही सवलती आहेत. तरी देव्हारा जड असेल तर तुमच्या सीएचएला, म्हणजे न्हावाशेवाला निर्यातीचे कागद करणाऱ्या एजंटला, लाकडाचं नाव आधी सांगा. 'साधं लाकूड आहे' असं लिहून पाठवू नका. तयार वाद्यांना २०१९ पासून या यादीतून सूट आहे, पण घरात जुना तंबोरा किंवा सतार असेल आणि तिच्यावर हस्तिदंताचं काम असेल, तर ते वाद्य घरीच राहू दे.

त्याच दमात सांगतो: सोन्यात मढवलेलं वाघनख, मोरपिसांचा पंखा, जुनी शाहतूश शाल यांपैकी काहीही उचलू नका. वाघाच्या अवयवांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतातच बंदी आहे आणि मोरपिसांची निर्यात बंद आहे. म्हणजे अडचण टोरोंटोच्या आधी मुंबईलाच आहे.

समईचं तसंच. १९७२ चाच दुसरा कायदा, पुरावशेष व बहुमूल्य कलाकृतींचा, शंभर वर्षं किंवा त्याहून जुन्या कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेऊ देत नाही. हस्तलिखितं आणि तत्सम दस्तऐवजांना ही मर्यादा पंच्याहत्तर वर्षं आहे. तुमची समई पणजीची म्हणता, म्हणजे ती नव्वद वर्षांची की एकशे दहा, हे तुम्हालाही ठाऊक नसणार. नुसती दिसायला जुनी असली तरी अधिकारी शंका घेऊ शकतो. उपाय असा की पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांना वस्तू दाखवून ती पुरावशेष नाही असा दाखला घ्यायचा, आणि त्याची प्रत समईबरोबर ठेवायची. वस्तू प्रत्यक्ष दाखवावी लागते, तेव्हा हे काम निघण्याच्या आठवड्यात काढू नका. आणि समई खरोखर तेवढी जुनी निघाली, तर ती भावाच्या देवघरात लावा. देवघरातले टाक, जुन्या पितळी मूर्ती, पणजोबांच्या मोडी पोथ्या, सगळ्यांना हेच लागू.

भिंतीवर लावायच्या शोभेच्या हत्यारांबद्दल आपल्याकडची माणसं हमखास विचारतात. शोभेची तलवार ही मोठी अडचण नसते. अडचण कट्यारीची आहे. कॅनडाच्या बंदी असलेल्या हत्यारांच्या यादीत, मूठ पात्याच्या धारेला काटकोनात असलेला खंजीर स्पष्ट लिहिला आहे, आणि आपल्या कट्यारीची मूठ तशीच असते. बोटांत अडकवायच्या धातूच्या पट्ट्याही त्याच यादीत आहेत, त्यामुळे पोलादी वाघनखाची प्रतिकृतीही वादात सापडू शकते. लग्नात कुणी कट्यार भेट दिली असेल तर ती मागे ठेवा.

दागिन्यांकडे येऊ. तीन अटींबरोबर इथे चौथी गोष्ट येते: एका वस्तूची किंमत १०,००० कॅनेडियन डॉलरपर्यंत असेल तर करमुक्त, त्याहून जास्त असेल तर वरच्या रकमेवर शुल्क आणि कर. ही मर्यादा प्रत्येक वस्तूची आहे, सगळ्या मिळून नव्हे. पूर्वी घरगुती दागिन्यांना हा प्रश्न क्वचित यायचा. आजच्या सोन्याच्या भावात दहा तोळ्यांचे तोडे ही रेषा ओलांडून जातात. म्हणून सोनाराकडून किंवा सरकारमान्य मूल्यांककाकडून मूल्यांकनपत्र करून घ्या. त्यात ठुशी, पाटल्या, साज, बोरमाळ असा प्रत्येक नग वेगळा, वजन आणि कॅरेटसह लिहिलेला असावा. सोबत प्रत्येक दागिन्याचा फोटो, आणि त्या फोटोवर सोनाराची सही व तारीख. कॅनडाच्या सीमा खात्याची स्वतःची सूचनाही अशीच आहे: दागिन्याचं वर्णन विमा पॉलिसीतल्या किंवा मूल्यांकनपत्रातल्या शब्दांत करा आणि सही केलेले फोटो जोडा. सोनार फोटोवर सही करायला बिचकतात, 'कशाला पाहिजे?' म्हणतात. त्यांना सांगा की किंमतीची हमी नको आहे, वस्तू हीच आहे एवढंच म्हणायचं आहे.

अंगावर घातलेलं मंगळसूत्र आणि बांगड्याही यादीत हव्यात. अंगावर आहे म्हणून ते सामान नाही असं होत नाही. सासूबाईंनी दिलेले दागिने तुम्ही एकदाही घातले नसतील तर निघण्याआधीच्या एखाद्या कार्यात घाला, आणि दिल्याचं साधं पत्र त्यांच्या सहीने घेऊन ठेवा. सोन्याची बिस्किटं दागिन्यांच्या ओळीत घुसवू नका, ती कोणी 'वापरत' नाही. नाण्यांचा किंवा पोस्टाच्या तिकिटांचा खासगी संग्रह मात्र घरसामानात धरतात.

हेच दागिने घालून तुम्ही दोन वर्षांनी गणपतीला पुण्याला जाणार. तेव्हा मुंबईचा कस्टम्स अधिकारी विचारेल, हे सोनं बाहेरून आणलं का? त्यावर उत्तर म्हणजे निघताना घेतलेला निर्यात दाखला. परदेशी जाताना विमानतळावरच्या भारतीय कस्टम्सला दागिने आणि मूल्यांकनपत्र दाखवायचं, ते दाखला देतात. याला वेळ लागतो, कधी वजन करणारा माणूस जागेवर नसतो. त्या दिवशी विमानतळावर नेहमीपेक्षा दोन तास आधी जा.

नवविवाहितांसाठी एक सवलत आहे ती फार थोड्या लोकांना माहीत असते. येण्याआधीच्या तीन महिन्यांत लग्न झालं असेल, किंवा आल्यावर तीन महिन्यांच्या आत होणार असेल, तर लग्नातल्या भेटींना 'वापरलेली हवी' ही अट नाही. मालकी आणि ताबा आधीचा असला की पुरे. वधूबरोबर येणाऱ्या घरसामानालाही हेच लागू आहे. म्हणजे आपलं रुखवत! मागे एका नवऱ्या मुलीच्या सामानात कोरी पितळी भांडी, खोक्यातली इस्त्री आणि आईने भरतकाम केलेली सहा तोरणं होती. अधिकाऱ्याला सगळंच नवं दिसल्यावर त्याच्या कपाळावर आठी पडली. लग्नाचा दाखला आणि तारीख पाहिली, आणि आठी गेली. तुमच्या लग्नाला आठ वर्षं झाली आहेत, तेव्हा ही सवलत तुम्हाला नाही. पण धाकटी जाऊ किंवा भाची निघाली तर तिला सांगा.

आता वॉशिंग मशीन. ते खोक्यात आहे तोवर 'वापरलेलं' नाही, त्यामुळे त्यावर कर लागेल. ओंटारियोत विक्रीकरच १३ टक्के आहे. घरात लावून महिनाभर वापरलंत तर अट पुरी होते. पण हे सगळं कशाला? भारतात वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. कॅनडात घरातला प्लग १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. शिवाय भाड्याच्या घरात यंत्र बहुधा असतंच. विकून टाका. मिक्सर आणि घरघंटीचंही हेच. ११० व्होल्टचे भारतीय मिक्सर इथे दुकानात मिळतात. न्यायचाच तर कुकर न्या, आणि त्याच्या चार जादा रिंगा. पुस्तकं बिनधास्त जहाजात टाका. समुद्रमार्गे भाडं एक घनमीटर किंवा एक टन यांपैकी जे जास्त भरेल त्यावर असतं, आणि घरसामान नेहमी आकारानेच महाग पडतं. उशा आणि गाद्यांना पैसे मोजावे लागतात; पाचशे पुस्तकांचं वजन त्या हिशेबात विरघळून जातं.

गाडीबद्दल विचारलं नाहीत, ते बरं केलंत. पंधरा वर्षांच्या आतली गाडी कॅनडाच्या सुरक्षा मानकांप्रमाणे बनलेली नसेल तर आत येत नाही. विषय संपला.

नातेवाइकांसाठी न्यायच्या वस्तू तुमच्या घरसामानात येत नाहीत. शेजारच्या काकूंनी त्यांच्या मुलासाठी दिलेली पैठणी तुमची नाही, ती भेट म्हणून सांगा. भेटीला प्रत्येकी ६० डॉलरपर्यंत सूट आहे. आणि करमुक्त आणलेली तुमची स्वतःची वस्तू वर्षाच्या आत विकली किंवा कुणाला देऊन टाकली, तर तिच्यावरचं शुल्क त्या वेळी भरावं लागतं. नवी येणारी मंडळी सोफा पटला नाही की सहा महिन्यांत विकायला काढतात, त्यांना हे ठाऊक नसतं.

पैशांचं दोन ओळींत. १०,००० कॅनेडियन डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीची रोकड, बँक ड्राफ्ट, ट्रॅव्हलर्स चेक बरोबर असतील तर ते जाहीर करणं बंधनकारक आहे, चलन कुठलंही असो. आणायला मर्यादा नाही, कर नाही. लपवलं तर जप्ती आहे. नवऱ्याच्या खिशात थोडे आणि बायकोच्या पर्समध्ये थोडे, अशी वाटणी करून आकडा खाली आणायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. औषधं मूळ वेष्टणात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, नव्वद दिवस पुरतील एवढीच.

उतरण्याचा दिवस असा जातो. तुम्ही कॅनडातल्या ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतराल तिथेच हे सगळं होतं. म्हणजे विमान माँट्रियलला बदलून टोरोंटोला जाणार असाल तर कागद माँट्रियलला. 'टोरोंटोला गेल्यावर बघू' म्हणून पुढे जाऊ नका. यंत्रावर किंवा कार्डावर मागून येणाऱ्या सामानाचा प्रश्न येतो, तिथे 'हो' लिहायचं. आधी इमिग्रेशनच्या खोलीत पीआरचे कागद होतात आणि तिथेच तासभर जाऊ शकतो. मूल झोपेला आलेलं असतं, बॅगा पट्ट्यावर फिरत असतात, आणि माणसं तिथून थेट दाराकडे पळतात. पळू नका. कस्टम्सचं काउंटर वेगळं आहे, तिथे जाऊन 'मला घरसामानाची यादी द्यायची आहे' असं सांगा. दोन प्रती पुढे करा. अधिकारी दोन-चार प्रश्न विचारतो, फॉर्म भरतो किंवा तुमचा तपासतो, सही घेतो, शिक्का मारतो आणि एक प्रत परत देतो. ती शिक्क्याची प्रत पासपोर्टइतकी जपा. मी लोकांना सांगतो, काउंटरवरून हलायच्या आधीच तिचा फोटो काढून भावाला पाठवा.

नावाकडे लक्ष द्या. यादीवरचं नाव आणि जहाजाच्या बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या मालाच्या पावतीवर, माल घेणाऱ्याचं नाव एकच हवं, पासपोर्टवरच्या स्पेलिंगसकट. आपल्याकडे मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव येतं, एजंट ते गाळतो, कधी आडनाव आधी लिहितो. मग गोदामातला कारकून म्हणतो, ही दोन माणसं आहेत. बिलाचा कच्चा मसुदा मागून घ्या आणि अक्षर न् अक्षर वाचा.

सामान न्हावाशेवाहून निघून बंदरावर उतरतं, तिथून रेल्वेने टोरोंटोच्या बाजूच्या गोदामात येतं. आल्याची सूचना आणि मालाचा नियंत्रण क्रमांक ईमेलने येतो. तो घेऊन, शिक्क्याची यादी, पासपोर्ट आणि पीआरचा कागद बरोबर घेऊन सीमा खात्याच्या कार्यालयात स्वतः जा. ब्रोकर लागतोच असं नाही, हे मी माझ्या पोटावर पाय देऊन सांगतो. मात्र ईमेल आल्यावर 'शनिवारी जाऊ' करू नका. मोफत दिवस मोजके असतात आणि त्यानंतर गोदामाचं भाडं रोज चढतं. गोदामाची हाताळणी फी आधी भरावी लागते, आणि ती पुण्यात दिलेल्या भाड्यात नसते, कोटेशनमध्ये 'डोअर टू डोअर' लिहिलेलं असलं तरी एकदा विचारून घ्या. सुटकेचा शिक्का मिळाला की ट्रक ठरवा, आणि मागे उचलपट्टी असलेलाच मागा. इथे हमाल मिळत नाहीत, आणि शिसवी देव्हारा दोघांना खाली उतरवता येत नाही.